जुनी मोटार आणि तिचा ताप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि इतिहासावर अनेक विद्वत्तापूर्ण व्याख्याने झाली. त्या मालिकेत मोटारीच्या रेडिएटरवर बोलावयाचे म्हणजे पूजेच्या ताटात पाना-पेचकस ठेवण्यासारखे आहे. तरीही संयोजकांनी हा विषय आग्रहाने सुचविला. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या अंगणात, जिन्याखाली किंवा गॅरेजमध्ये एखादी जुनी मोटार आच्छादन पांघरून उभी आहे. कोणाची अँबॅसडर, कोणाची फियाट, क्वचित एखादी स्टँडर्ड हेरल्ड. वडिलांची बदली या प्रांती झाली तेव्हा ती आली आणि पुढे मे महिन्याच्या सुट्टीत टपावरच्या कॅरिअरवर वळकट्या, ट्रंका बांधून तिनेच घरच्या मंडळींना गावी पोहोचविले. आज ती का बाहेर काढीत नाही असे विचारले तर दहांतील बहुतेक जण एकच उत्तर देतात, "फार तापते हो!" आणि मग एके दिवशी भंगारवाला दारी येतो.

मला आज एवढेच सांगावयाचे आहे की ताप हे वार्धक्य नव्हे. वैद्य ज्याप्रमाणे ताप हा स्वतंत्र रोग न मानता रोगाचे लक्षण मानतो, त्याप्रमाणेच आपण मोटारीच्या तापाकडे पाहिले पाहिजे. कारण सापडले तर बहुतेक वेळा उपाय स्वस्त असतो. कारण न शोधता गाडी तशीच दामटली, तर मात्र जे नुकसान होते ते भरून निघणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे.

ते कठीण का, हे समजण्यासाठी या गाड्यांचा थोडा पूर्वेतिहास पाहावा लागेल. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ साली गुजरातेतील ओखा बंदरात झाली आणि पुढे तिचा कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे उभा राहिला. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड मालिका तीन ही गाडी तेथे अँबॅसडर या नावाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाहेर पडू लागली. तिच्यात लवकरच १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आले आणि त्या इंजिनाने आपल्या देशाच्या दोन पिढ्या ओढल्या. दुसरीकडे सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १०८९ घनसेंटिमीटरची फियाट ११०० निघाली. तीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. या दोन्ही गाड्या आता इतिहासजमा झाल्या आहेत. उत्तरपाड्याचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला. तात्पर्य, आज एखाद्या इंजिनाचे डोके तापून तडकले तर तसे नवे ओतणारा मूळ कारखानाच उरलेला नाही. प्रत्येक फुटलेल्या इंजिनागणिक या गाड्यांची संख्या एकाने घटते.

आता मूळ विषयाकडे वळू. मोटार तापते का, असा प्रश्न विचारण्यापूर्वी ती तापल्यावाचून राहते कशी, हा प्रश्न विचारणे अधिक योग्य. इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरच्या पोकळीतील वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ॲल्युमिनियमचा दट्ट्या मात्र ६६० अंशांच्या आसपासच वितळू शकतो. हे जे रोज घडत नाही, त्याचे श्रेय सिलिंडरभोवती फिरणाऱ्या पाण्याला आहे. पेट्रोलमधील एकंदर उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भागाचे काम होते. एक तृतीयांश सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली एक तृतीयांश पाण्याला वाहून न्यावी लागते. घरगुती भाषेत सांगावयाचे तर ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी अँबॅसडर आपल्या पाण्यात सात-आठ गीझर एकाच वेळी चालू ठेवून धावत असते.

ही उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था अत्यंत साधी आहे. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक पंप असतो. पंखा आणि पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पंप पाण्याला सिलिंडरभोवतालच्या पोकळीतून वर ढकलतो. वर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी थंड असेतोवर ती मिटलेली राहते आणि पाणी तापताच उघडते. तेथून तप्त पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरच्या माथ्यावर येते, पितळेच्या बारीक नळ्यांमधून खाली उतरता उतरता आपली उष्णता वाऱ्याला देते आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे जाते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर बहुतेक काळ पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली बसते, एवढ्या निसर्गनियमावर तिचे पाणी फिरत असे. आपल्याकडील न्हाणीघरातील तांब्याचा बंब ज्यांनी पेटविला आहे त्यांना हे तत्त्व वेगळे शिकविण्याची गरज नाही.

व्यवस्था इतकी साधी, तर मग ती बिघडते कोठे? पहिले कारण आपले हवामान. मॉरिस ऑक्सफर्ड जेथे जन्मली तेथे उन्हाळ्याच्या दिवशी हवा २० अंशांची असते असे धरू. रेडिएटरमधील पाणी ८५ अंशांचे असेल तर पाणी आणि हवा यांत ६५ अंशांचे अंतर पडते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे या अंतरावर अवलंबून असते. आपल्या या शहरी मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा अंतर उरते केवळ ४० अंशांचे. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा आणि तेच पाणी असूनही त्याची शक्ती सुमारे साठ टक्क्यांवर येते. तेवढीच उष्णता घालवावयाची तर पाण्याला २५ अंशांनी अधिक, म्हणजे ११० अंशांपर्यंत तापावे लागेल. रचनाकारांनी थोडी शिलकी क्षमता ठेवली होती, म्हणून तर या गाड्या आपल्याकडे चालल्या. परंतु वर्षानुवर्षांच्या हयगयीने ती शिल्लक संपते आणि मग हिवाळ्यात सुखाने धावणारी गाडी वैशाखात पहिल्याच सिग्नलला उकळते.

मोटार उकळली की मिस्त्री प्रथम रेडिएटरवर बोट ठेवतो. तसे करण्याआधी मालकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. गाडी नेमकी केव्हा तापते? गर्दीत उभी असता तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, असे असेल तर दोष बहुधा वाऱ्याचा आहे. उभ्या गाडीला वारा केवळ पंख्याचा. तेव्हा पंखा, पट्टा आणि रेडिएटरच्या पुढची वाट तपासावी. उलट, गर्दीत ठीक आणि वेगात किंवा चढावर तापत असेल, तर वारा पुरेसा असूनही पाणी पुरेसे फिरत नाही, असे समजावे. तेव्हा रेडिएटरच्या आतील नळ्या, पंप, खालची रबरी नळी आणि ठिणगीची वेळ पाहावी. या एका प्रश्नाने निम्मे निदान होते आणि अनावश्यक खर्च वाचतो.

आता एकेक अवयव घेऊ. सर्वांत आधी पाणी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कूपनलिकेचे पाणी येते. शाळेत ज्याला आपण दुष्फेन पाणी म्हणत होतो, ते हेच. त्यात साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या तळाशी पांढरी पुटे धरतात. हीच पुटे इंजिनाच्या पोकळीत धरतात. बिडाच्या मानाने या क्षारांच्या थरातून उष्णता कितीतरी पटींनी मंद वाहते. एखाद्या मिलिमीटरचे पूटही सिलिंडरला गोधडी पांघरल्याप्रमाणे होते. शिवाय पाण्याने बिडाला गंज चढतो आणि तांबूस गाळ पोकळीच्या तळाशी, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, साचतो. म्हणून नळाचे किंवा विहिरीचे पाणी गाडीत घालू नये. डिस्टिल्ड पाणी वापरावे आणि त्यात गंजरोधक शीतनद्रव मिसळावे. आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग ते द्रव कशाला, असे काही जण विचारतात. त्यातील ग्लायकॉलमुळे पाणी गोठत नाही हे खरे. परंतु आपल्याला त्यातील गंजरोधकाचे महत्त्व अधिक. त्याचे प्रमाण मात्र डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवावे. जितके अधिक तितके चांगले, असे येथे नाही, कारण शुद्ध पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉल वाहून नेत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलावे. आणखी एक सूचना माताभगिनींसाठी आणि घरातील सर्वांसाठी आहे. हे द्रव चवीला गोड असते आणि विषारी असते. सांडले तर तत्काळ धुवावे आणि डबा मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावा.

जुना गाळ काढण्याची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असता रेडिएटरची व इंजिनाची तोटी उघडून पाणी सोडावे. ही इंजिनाची तोटी बहुतेक जण विसरतात आणि निम्मे घाण पाणी आतच राहते. तोटीतून पाणी येत नसेल तर तार घालून भोक मोकळे करावे, कारण गाळ प्रथम तेथेच बसतो. नंतर थर्मोस्टॅट काढून, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, खालून वर अशी पाण्याची धार सोडावी. धार मंद असावी. जुन्या डाखाला जोर सोसत नाही. पाणी नितळ येईतो हे चालू द्यावे. एवढ्यानेही भागले नाही तर रेडिएटर उतरवून जाणत्या कारागिराकडे द्यावा. तो डाख सोडवून वरची टाकी काढतो आणि प्रत्येक नळीतून सळई फिरवितो. नळ्या तुंबल्या आहेत की नाही हे घरीही कळते. गाडी तापवून इंजिन बंद करावे आणि पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या पाठीवरून, स्पर्श न करता, तळहात फिरवावा. सर्वत्र झळ लागते आणि एखाद्या पट्ट्यात लागत नाही, असे आढळले तर त्या पट्ट्यातील नळ्यांतून पाणी वाहत नाही.

रेडिएटरचे बाह्यांगही पाहावे. पत्र्यांच्या जाळीत किडे, धूळ आणि तेलकट माती बसते. ती इंजिनाच्या बाजूने पुढे अशा हलक्या धारेने धुवावी. जाळीपुढे आपण काय काय टांगतो याचाही विचार व्हावा. जादा हॉर्न, धुक्याचे दिवे, मेळाव्यांची पदके, मोठी पाटी यांतील प्रत्येक वस्तू वाऱ्याची वाट अडविते. लग्नाच्या वरातीत जुनी गाडी आणण्याची आज हौस आहे. तेथे तर गाडी माणसाच्या पावलाने चालते आणि पुढची जाळी झेंडूच्या माळांनी झाकलेली असते. पंख्याला फिरावयास वेग नाही आणि रेडिएटरला श्वास घ्यावयास जागा नाही! नवरदेवाच्या आधी गाडीच घामाघूम झाली तर दोष तिचा नव्हे. माळा टपावर आणि दारांवर घालाव्या; जाळी मोकळी ठेवावी.

यानंतर रेडिएटरचे टोपण. हे दिसावयास झाकण आणि कामाला झडप आहे. आतील पाणी दाबाखाली ठेवले की ते उशिरा उकळते. दर पौंडामागे उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांना पुष्कळदा चार किंवा सात पौंडांचे टोपण असे. सात पौंडांच्या टोपणाखाली पाणी शंभरऐवजी सुमारे ११२ अंशांवर उकळते. मघाच्या हिशेबातील ११० अंश आठवा, म्हणजे या लहानशा टोपणाची किंमत ध्यानात येईल. त्याचे रबर वाळले, स्प्रिंग सैलावली, की हे संरक्षण नाहीसे होते. पाच-सहा वर्षांनी टोपण बदलावे. मात्र अधिक पौंडांचे आधुनिक टोपण बसविण्याचा मोह टाळावा. त्या दाबाने पन्नास वर्षांचा डाख उसवतो आणि रबरी नळ्या फुटतात. डोंगरावर टोपणाचे महत्त्व आणखी वाढते. दर तीनशे मीटर उंचीमागे पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरी, साधारण साडेतेराशे मीटरवर, उघड्या भांड्यातील पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते. घाट चढून आलेली गाडी माथ्यावर उकळते ती इंजिनावर पडलेल्या भारामुळे. विरळ हवा त्यात भर घालते.

रेडिएटर काठोकाठ भरण्याची सवयही सोडावी. पाणी तापले की प्रसरण पावते आणि जादा पाणी बाहेर फेकले जाते. ज्या जुन्या गाड्यांना वेगळी बाटली नाही, त्यांत पाणी टोपणाच्या खाली इंचभर राहून स्थिरावते. मालक रोज ते इंच भरून काढतो, गाडी रोज ते सांडते आणि मग गाडी पाणी पिते अशी तक्रार सुरू होते.

थर्मोस्टॅटवर तर आपल्याकडे फारच अन्याय झाला आहे. "आपल्या उन्हात याचे काय काम?" असे म्हणून मिस्त्री ते काढून फेकून देतात. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकले असेल तर गाडी तापते, हे खरे. परंतु त्यावर उपाय ते बदलणे हा आहे. थर्मोस्टॅट नसले की थंडीच्या सकाळी इंजिन फार वेळ थंड राहते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर ते काढल्यामुळे गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो. म्हणजे उपायानेच अपाय! त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबते ठेवावे, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवीत न्यावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास ते उघडू लागले आणि पाणी निवल्यावर मिटले, तर ते निरोगी आहे.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. लांब बाजूच्या मध्यावर तो सुमारे अर्धा इंच दबला पाहिजे. ढिला पट्टा घसरतो आणि पंखा व पंप दोघेही मंदावतात. फार ताठ पट्टा पंपाचे बेअरिंग खातो. खालच्या रबरी नळीकडेही लक्ष द्यावे. पंप तिच्यातून पाणी ओढून घेत असतो. नळी मऊ पडली असेल आणि तिच्या आतील तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल, तर वेगात ती आतल्या आत चपटी होते आणि पाणी अडते. उभ्या गाडीत तीच नळी निर्दोष दिसते. म्हणून इंजिनाचा वेग वाढवून कोणाला तरी तिच्याकडे पाहावयास सांगावे. काही मंडळी विजेचा जादा पंखा बसवितात. तो उपयुक्त आहे. परंतु मूळ डायनॅमो असलेल्या गाडीत मंद गतीला वीज फारच थोडी तयार होते. नेमका गर्दीत पंखा चालतो आणि तेथेच बॅटरी बसते. हा विचार आधी करावा.

पाणी आणि वारा दोन्ही ठीक असूनही ताप उतरत नसेल, तर तो पोटातून आहे असे समजावे. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहते आणि जी उष्णता दट्ट्याला ढकलण्यात खर्च व्हावयाची ती सिलिंडरच्या भिंतींना आणि बाहेर जाण्याच्या मार्गाला मिळते. म्हणून टायमिंग तपासावे. डिस्ट्रिब्यूटरवरील पडदा फाटला आहे काय, हेही पाहावे. मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी झाले तरी इंजिन तापते, आणि येथे आजच्या पेट्रोलचा प्रश्न येतो. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरमधून गेलेले मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ होते. त्यासाठी कार्ब्युरेटर जाणकाराकडून पुन्हा जुळवून घ्यावा. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने खराब होतात. ते इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसवावे. ही काटकसरीची जागा नव्हे, कारण तप्त इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल आगीला निमंत्रण देते.

कधी कधी ताप खोटाही असतो. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असल्याने, भर दुपारी गाडी थांबली की नळीतील पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढीत बसतो आणि गाडी चालू होत नाही. काटा पाहावा तर ठीक! जुने चालक अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवीत. ते निव्वळ समजुतीने नव्हते; पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जाते. याच्या उलट प्रकारही आहे. पाणी पूर्ण निघून गेले असेल तर तापमापकाचे टोक कोरडे पडते आणि इंजिन भाजत असताना काटा खाली उतरू लागतो. काटा अकस्मात पडला तर आनंद मानू नये, गाडी थांबवावी.

आता प्रत्यक्ष प्रवासात काय करावे ते सांगतो. मे महिन्यात निघावयाचे असेल तर पहाटे निघावे आणि चढाचा रस्ता उन्हाच्या आधी गाठावा. टपावर भार कमी ठेवावा. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथत नेऊ नये. खालचा गिअर टाकला की पंखा आणि पंप दोन्ही वेगाने फिरतात. काटा चढू लागताच वेग कमी करावा, हीटर असल्यास तो पूर्ण उघडावा. तोही एक लहानसा रेडिएटरच आहे. आपल्याला घाम येईल, पण इंजिन वाचेल. तरीही काटा चढत राहिला तर सावलीत गाडी थांबवावी. उकळी फुटलेली नसेल तर वाऱ्याकडे तोंड करून दोन-तीन मिनिटे इंजिन किंचित वेगात, भाराविना चालू ठेवावे. वाफ दिसू लागली असेल तर इंजिन तत्काळ बंद करून बॉनेट उघडावे.

आणि येथे, बंधुभगिनींनो, मी माझ्या भाषणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य सांगतो. तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडू नका. दाबाखालील पाणी ११० अंशांवरही शांत दिसते. टोपण निघताच दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणार्धात वाफ होऊन उसळते. चेहरा, डोळे आणि हात भाजण्याचे हे अपघात घाईमुळे होतात, आणि ती घाई पुष्कळदा मुलाबाळांसमोर, रस्त्याच्या कडेला होते. अर्धा-पाऊण तास थांबावे, डबे उघडून दशम्या-धपाटे खावे, झाडाखाली गप्पा माराव्या. वरची रबरी नळी हाताला सोसेल इतकी निवली म्हणजे जाड फडके घेऊन, तोंड बाजूला करून, टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. फुसफुस थांबल्यावर मग काढावे. पाणीही एकदम ओतू नये. तापलेल्या कोरड्या बिडावर थंड पाण्याची धार पडली तर ते तडकते. इंजिन निवल्यावर ते चालू करून थोडे थोडे पाणी नरसाळ्याने घालावे.

एकदा जोराने उकळलेल्या गाडीची नंतर तपासणी व्हावी. अँबॅसडरचे डोके बिडाचे आहे. फियाटचे मात्र ॲल्युमिनियमचे असून खालचा भाग बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे फियाटचे डोके अतितापाने वाकण्याची भीती अधिक. इंजिन चालू असता रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून थांबता न थांबणारा पांढरा धूर, किंवा तेलाचा रंग ताकासारखा होणे, ही गॅस्केट गेल्याची चिन्हे आहेत. ती दिसल्यावर गाडी पुढे दामटू नये.

शेवटी एक कायद्याची गोष्ट. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, मेळावे, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. सांगावयाचा मुद्दा हा की चौकट, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेल्या गाडीला हा मान मिळत नाही. "तापते म्हणून डिझेल इंजिन टाकले" असा सोपा मार्ग अनेकांनी पूर्वी पत्करला. तसे करताना आपण गाडीचा ताप घालविला, पण गाडीही घालविली. मी आज जे उपाय सांगितले त्यांतील एकही गाडीचे मूळ रूप बदलीत नाही. ते तिला तिच्या कारखान्यातील प्रकृतीकडे परत नेतात.

सभासदांना माझी एक व्यावहारिक सूचना आहे. या गाड्या जाणणारे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या हातून काम करून घेताना घरातील एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला शेजारी उभे करावे. डाख कसा लावतात, टायमिंग कानाने कसे ओळखतात, हे त्यांनी पाहावे. गाडीला एक वही करावी. पाणी केव्हा बदलले, टोपण केव्हा घेतले, कोणत्या दिवशी काटा कोठे होता, याची तीत नोंद ठेवावी. पंधरवड्यातून एकदा तिला बाहेर काढून पंधरा-वीस किलोमीटर फिरवावे. उभ्या गाडीत गंज लवकर धरतो. सुवर्णमहोत्सवाच्या शोभायात्रेसाठी ज्यांनी आपल्या गाड्या देऊ केल्या आहेत, त्यांनी या महिन्यातच पाणी, पट्टा आणि टोपण ही तीन कामे उरकावी. यात्रा संथ आहे, ऊन कडक आहे, आणि माळा कोठे घालावयाच्या ते मी सांगितलेच आहे.

 ज्यांना आपल्या गाडीविषयी काही विचारावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी अवश्य विचारावे. पण विचारताना ती केव्हा तापते, हे आधी सांगावे.